पिवळा तोवर सरळ

ओळखा पाहू, माझा रंग कोणता?

नका ओळखू, हराल. माझ्या रंगावर पैज लावून हरलेल्यांच्या नुसत्या टोप्या गोळा केल्या असत्या, तरी माझ्याएवढा ढीग झाला असता. माझ्या ऐन उमेदीतली गोष्ट: स्काल्विक गावाच्या धक्क्यावरून पाहिलंत तर मी पिवळा. संध्याकाळी बाहेरच्या समुद्रातून आलात तर गुलाबी. धुकं पडलं असेल तर मी मुळात नाहीच, कोणीतरी उगाच अफवा उठवली आहे. आणि जवळ येऊन हात लावलात तर पांढरा. तुमचा हातही पांढरा. मग तो हात तुम्ही विजारीला पुसाल आणि घरी जाऊन बोलणी खाल.

मी दगडाचा मनोरा, फारसा उंच नाही. डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, तिला इथे फ्योर्ड म्हणतात. तिच्या तोंडाशी, एका उघड्याबोडक्या खडकावर उभा आहे. मला दीपस्तंभ म्हणू नका, ती मोठ्या घरची मंडळी. माझ्या डोक्यात उजेड नाही. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे टोमणा मारायला तुम्हाला जागा उरत नाही.

मला स्काल्विकच्या कोळ्यांनी बांधलं. रोज कोणाची ना कोणाची होडी या खडकावर आपटायची, तेव्हा त्यांना वाटलं, खडक हलवता येत नाही तर निदान तो दिसावा तरी. ज्यानं पाया रचला तो आदल्या रात्रीची दारू पुरती न उतरलेला गडी होता. म्हणून मी आजही किंचित डावीकडे झुकलेला आहे. लोक म्हणतात वाऱ्यानं झुकला. म्हणू देत. त्या बिचाऱ्याची अब्रू मी कशाला घालवू? आता घालवली, ते सोडा.

दगड काळे होते, आणि मागचा डोंगरही काळा. काळ्यापुढे काळं काय दिसणार? म्हणून मला चुन्यानं पांढरं करायचं ठरलं. चुना पावसानं धुऊन जातो, तेव्हा तो दर वर्षी लावणं आलं. आणि तो लावायचा कोणी? गावात त्या वर्षी जो नवा जावई आला असेल त्यानं.

जावयाचा मान असतो म्हणतात. इथला मान हा असा: जून महिन्यात, योहानच्या सणाच्या दिवशी, जेव्हा सूर्य झोपायचं नावच घेत नाही, तेव्हा नव्या जावयानं चुन्याची बादली घेऊन माझ्यापर्यंत वल्हवत यायचं. मोटार लावायची नाही. होडीच्या मागच्या टोकाला सासरा बसणार. त्यानं सुकाणू धरायचं आणि वाटभर जावयाला टोचून बोलायचं. बाकीचं गाव धक्क्यावर बसून वाफल खाणार, आंबट साय चाटणार, कॉफी ढोसणार. दिवस मावळत नाही म्हणून कोणी उठतही नाही. मला चुना लावणारे असे किती जावई आले आणि आजोबा होऊन गेले! तरी लोकांना चुना लावतो म्हणून बदनाम मात्र मी.

तर मी पांढरा होतो. पांढराशुभ्र. मोठ्या तोऱ्यात उभा असायचो.

मग पलीकडच्या काठावर भट्टी आली.

पोलादात मिसळायचा माल वितळवायची ती भट्टी. उंच धुरांडी, रात्रंदिवस धूर. आमच्या फ्योर्डला दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे धूर जाणार कुठे? तो पाण्यावर आडवा होऊन लोळायचा, जेवण झाल्यावर म्हातारा लोळतो तसा. दाट नव्हता. आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका विरळ. मला वाटलं, असेना का.

आणि एक दिवस दोन पोरी होडीतून जाताना एक दुसरीला म्हणाली, "ए, तो पिवळा मनोरा बघ."

मी चमकलो. पिवळा? कोण पिवळा? इथे दुसरा मनोरा नाही. मी खाली वाकून पाहिलं असतं, पण वाकलो असतो तर पडलो असतो.

पुढे तर कहर झाला. बंदरावरचे एक मोठे साहेब दुर्बिणीतून पाहून म्हणाले की नियमात पांढरा रंग असताना गावानं मनोरा पिवळा रंगवला, ही शिरजोरी आहे. बोट घेऊन तावातावानं आले. खडकावर उतरताना घसरले, तोल सांभाळायला मला मिठी मारली, आणि वळले तेव्हा त्यांचा काळा कोट पुढून पांढराफटक. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग कोटाकडे, मग धक्क्याकडे. इतका हबकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. कोट झटकत परत गेले. मी महिनाभर हसत होतो.

पण खरं सांगू? आतून मीही हबकलोच होतो. माणसाला कोणी सांगावं की तुझं तोंड तुला वाटतं तसं नाहीच, तसं झालं माझं.

खुलासा केला तो ब्योर्ले मास्तरांनी. शाळेची सहल घेऊन ते माझ्या पायाशी आले होते. म्हणाले, "मुलांनो, पांढऱ्या उजेडात सगळे रंग एकत्र असतात. धुराचे कण अगदी बारीक. निळा रंग त्यांच्यावर आपटतो आणि इकडेतिकडे उधळतो. पिवळा, तांबडा मात्र वाट काढून पुढे येतो. म्हणून लांबून पांढरी वस्तू पिवळी दिसते. आणि तो उधळलेला निळा वाटेत भरून राहतो, म्हणून मागचा काळा डोंगर निळा दिसतो. भट्टीतून न दिसणारा वायूही निघतो. दमट हवेत त्याचेही बारीक थेंब होतात, आणि तेही हाच उद्योग करतात. धुक्याचे थेंब मात्र मोठे. ते सगळ्या रंगांना सारखंच ढकलतात, म्हणून धुक्यात सगळं..."

इथे पावसाची सर आली आणि सगळी शाळा होडीत पळाली. माझं शिक्षण ते एवढंच. अर्धवट. पण अर्ध्या शिक्षणावर गावं चालतात, मी तर नुसता उभा असतो.

आता गंमत ऐका. माणूस कशाचाही उपयोग करून घेतो, शिव्या देत देत घेतो.

धक्का आणि मी यांच्यामध्ये पाण्याखाली एक लांबलचक खडक आहे. त्याचं नाव गाय. बसली आहे निवांत, पाठ पाण्याच्या जेमतेम खाली. धक्क्यावरून माझ्या रोखानं सरळ आलात, तर गाय डाव्या हाताला राहते आणि काही करत नाही. पण माझ्याकडे उतरायची जागा आणि बाहेर समुद्रात जायची वाट, दोन्ही डाव्या बाजूला आहेत, त्यामुळे कधीतरी डावीकडे वळावं लागतंच. गायीची शेपटी ओलांडून वळलात तर सुखरूप. आधी वळलात तर थेट तिच्या पाठीवर. आणि शेपटी कुठे संपते ते पाण्यावर लिहिलेलं नाही.

जुने लोक दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मापत मापत यायचे. धूर आल्यावर लोकांच्या लक्षात आलं की धक्क्यावरून निघताना मनोरा पिवळा असतो. जवळ जावं तसा मधला धूर कमी होतो, पिवळेपणा उतरतो, आणि नेमका गायीची शेपटी मागे पडता पडता मनोरा पांढरा होतो. झालं! शिसं गेलं अडगळीत. "पिवळा तोवर सरळ, पांढरा झाला की डावीकडे." ही ओळ गावातली पोरं बोलायला लागण्याआधी शिकायची. वादळात, धुक्यात कोणी माझ्याकडे फिरकायचं नाही, आणि एरवी धूर इतका नेमानं लोळलेला असायचा की ओळ कधी चुकली नाही.

या ओळीवर सगळ्यात जास्त विश्वास होता आस्लाकचा. आणि धुराला सगळ्यात जास्त शिव्याही त्याच्याच.

आस्लाक म्हणजे अख्खा खारवलेला कोळी. त्याची बायको गुन्वोर धुरानं खोकायची. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी करड्या व्हायच्या. रोज सकाळी धक्क्यावर येऊन तो पलीकडे थुंकायचा आणि मग तोंड पुसून माझ्या पिवळेपणाकडे पाहत होडी हाकायचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसात बसतात, याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आणि देवाला माझ्याहून जास्त खोड्या सुचतात. आस्लाकची एकुलती एक मुलगी हाल्दिस, तिनं लग्न केलं श्युरशी. श्युर काम करायचा भट्टीत.

त्या वर्षीचा जावई तो.

योहानच्या दिवशी सकाळी वारा अगदी पडलेला होता. पाणी तेलासारखं. आदल्या दिवसापासून भट्टी थंड केली होती, आतल्या विटा बदलायच्या होत्या. पण जुना धूर पाण्यावर तसाच लोळत होता. मी नेहमीसारखा पिवळा. होडी सुटली. श्युर माझ्याकडे पाठ करून वल्ही मारत होता, आस्लाक मागे सुकाणू धरून माझ्याकडे पाहत होता. होडीत चुन्याची बादली, आणि परतीला वारा मिळाला तर म्हणून घेतलेलं शीड. झाडाच्या सालीत उकळून तांबूस-पिवळं केलेलं, गावात सगळ्यांचं असतं तसं.

पाण्यावरून आवाज लांब येतो. आस्लाकचा तर फारच.

"वल्हं आहे ते, फावडं नव्हे! कोळसा ओढतोयस काय?"

"फावडं जरा हलकं असतं, सासरेबुवा. आणि भट्टीत मागे कोणी बसलेलं नसतं."

"मी नसतो तर तू अजून धक्क्याभोवती घिरट्या घालत असतास."

"तुम्ही नसता तर होडीही हलकी झाली असती."

मी मनात म्हटलं, पोरगं बरं आहे. चुना नीट लावेल.

आणि तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला.

आधी वाटलं झुळूक आहे. पण त्या वाऱ्यानं धुराची कड धरली आणि गादीवरची चादर ओढावी तसा सगळा धूर एका दमात ओढून बाहेर समुद्रात नेला. मी थक्क झालो. जन्मात पाहिलं नाही असं पाहिलं. पलीकडच्या डोंगरावरच्या घळी दिसल्या, घळीतला बर्फ दिसला. आणि स्काल्विकची घरं! ती घरं पांढरी होती! इतकी वर्षं मी त्यांना पिवळी समजत होतो. मला वाटायचं, काय ही माणसं, मला पांढरा रंग देतात आणि स्वतःच्या घरांना पिवळा. म्हणजे ते मला पिवळा म्हणत होते आणि मी त्यांना. दोघंही खोटे नव्हतो, दोघंही चुकत होतो. मी तो धक्का पचवतोय न पचवतोय तोच आस्लाक ओरडला.

"पांढरा झाला! डावीकडे!"

श्युरनं वल्हं थांबवलं. "इतक्यात? अजून माझे हातसुद्धा दुखायला लागले नाहीत."

"तुझ्या हातांना विचारून नियम करत नाही आम्ही. पांढरा झाला म्हणजे झाला."

"सासरेबुवा, धूर गेलाय. भट्टी बंद आहे कालपासून."

"गेला ना? सुटलो एकदाचे! पंचवीस वर्षांत भट्टीवाल्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली चांगली बातमी. ओढ डावीकडे!"

आणि त्यानं सुकाणू फिरवलं.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला पाय असते तर मी काळ्या चिखलात लोळून आलो असतो. मी काही जवळ गेलो नव्हतो, होडीही जवळ आली नव्हती. मध्ये होती ती हवा तेवढी धुतली गेली होती. पण ओळीत हवेचं नाव कुठे होतं? ओळीत नुसता मी होतो. गोरापान, चकचकीत, होडीला गायीच्या पाठीवर बोलावणारा.

आवाज मोठा झाला नाही. कोणी अक्रोड फोडावा एवढाच. होडी गायीवर चढली, तळाची फळी गेली, लाटेनं तिला उचलून आडवी केली आणि पाणी आत आलं. आस्लाकचा चेहरा मला स्पष्ट दिसला, हवाच तशी होती. तो पाण्याकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. सख्ख्या भावानं तोंडावर थुंकावं तसा.

होडी घसरून खोल पाण्यात गेली. दोघं शिडाच्या लाकडाला धरून लोंबकळले. प्रवाह नशिबानं माझ्याकडे वाहत होता. श्युरनं एका हातानं लाकूड धरलं होतं आणि दुसऱ्यानं सासऱ्याची कॉलर. जूनमधलं आमचं पाणीसुद्धा हाडांत शिरतं. माझ्या खडकावर येऊन पडले तेव्हा आस्लाकच्या ओठांवर रंग नव्हता, आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

वारा वाढत होता. उत्तरेचा वारा आणि भरती एकत्र आली की लाटा माझ्या कमरेपर्यंत चढतात. माझी गोष्ट वेगळी, मी दगड आहे. ओली माणसं तिथे टिकत नाहीत.

श्युर उभा राहून धक्क्याकडे हात हलवू लागला, ओरडू लागला. वारा त्याचा आवाज त्याच्याच घशात परत कोंबत होता. आणि इतक्या लांबून माणूस म्हणजे काय? मुंगीचा पाय.

"त्यांना वाटेल चुना लावतोय," आस्लाक दात वाजवत म्हणाला. "संध्याकाळशिवाय कोणी उठणार नाही. वाफल संपल्याशिवाय तर नाहीच."

श्युरनं इकडेतिकडे पाहिलं. खडकावर काही नव्हतं. भिजलेलं शीड आणि मी. त्यानं शीड चाचपलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ते आपल्याला बघत नसतील," तो म्हणाला, "पण याला तर बघत असतील ना?"

आणि त्यानं ते शीड त्याच्या लाकडाच्या टोकावर घेऊन माझ्या डोक्यावर टाकलं.

मला इतकी वर्षं कोणी कपडा घातला नव्हता. एकदम अंधार! मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. मनोऱ्याचं काम एकच, दिसणं. ज्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा धड दिसत होतो, त्याच दिवशी यानं मला झाकलं. मला वाटलं, जावयाचं डोकं फिरलं.

धक्क्यावर त्या वेळी काय झालं ते मला नंतर कळलं. ती गोष्ट पुढे कितीतरी उन्हाळे माझ्या पायाशी बसून लोकांनी सांगितली, दर वेळी थोडं मीठ वाढवून.

हाल्दिस कॉफीचा कप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, मनोरा गेला."

"जाईना का," गुन्वोर म्हणाली. "तो असाच जातो आणि संध्याकाळी येतो. तुझ्या बापासारखा."

"धुकं आलं असेल," शेजारचा कोणी म्हणाला. "साय इकडे द्या."

हाल्दिस पाहत राहिली. "पण आई, मागचा डोंगर दिसतोय."

"मग?"

"धुक्यात डोंगर आधी जातो, मग मनोरा. आज डोंगराची घळन् घळ दिसतेय, आणि मनोरा नाही."

 मग सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं. हाल्दिसनं हातातला कप फळीवर खाली ठेवला. टक् असा आवाज झाला म्हणतात, आणि तो आवाज ऐकलेली माणसं तो कधी विसरली नाहीत. ती उठली आणि धावत जाऊन मोटारीच्या होडीत बसली.

माझ्या खडकावर श्युरला होडी दिसली. तो हसला, रडला, दोन्ही केलं. "आली! सासरेबुवा, हाल्दिस आली! आता शीड काढतो, म्हणजे तिला मनोरा दिसेल."

"हात लावू नकोस!"

आस्लाक असा किंचाळला की वरचे पक्षी उडाले.

"अरे, ती माझी मुलगी आहे! बोलायच्या आधी ती ओळ शिकली आहे. तू शीड काढशील, तिला पांढरा दिसेल, आणि ती तिथेच डावीकडे वळेल. गायीवर!"

श्युरचे हात हवेतच राहिले.

बोंब मारून उपयोग नव्हता. वारा तसाच होता, त्यात मोटारीची घरघर. हात हलवून काय सांगणार? इकडे वारा शिडात शिरून ते फाडून नेऊ पाहत होता. खालचं एक टोक सुटलं आणि माझ्या पोटाला ऊन लागलं. पांढरं पोट! आस्लाक मोडक्या पायानं सरपटत आला आणि सगळ्या अंगानिशी त्या टोकावर पडला. दुसऱ्या बाजूनं श्युरनं मला कवटाळलं. दोन माणसं, एक इकडून, एक तिकडून, माझ्यावर शीड दाबून धरून होती. लाट आली, त्यांच्या डोक्यावरून गेली. शीड सुटलं नाही.

"कुठे आहे ती?" आस्लाकला मान वर करता येत नव्हती.

"सरळ येतेय."

"वळली?"

"नाही. सरळ."

जवळ येताना तिला माझ्या जागी तांबूस-पिवळं काहीतरी दिसलं असणार. पिवळा तोवर सरळ.

"गायीची मान गेली," श्युर म्हणाला. त्याला ती आता पाठ झाली होती, तासापूर्वीच तिच्यावर बसून आला होता ना. "पाठ... अजून पाठ..."

"शेपटी सांग. शेपटी!"

"थांबा. थांबा. आता!"

दोघांनी एकदम हात सोडले.

वाऱ्यानं शीड एका फटक्यात उडवून नेलं आणि मी उन्हात उभा राहिलो. पांढरा.

होडी डावीकडे वळली.

मी पुष्कळ पाहिलं आहे. पण तसं नाही पाहिलं. ती काठाला लागली तेव्हा आस्लाक खडकावर पालथा पडून हसत होता की हुंदके देत होता, कळत नव्हतं. श्युर म्हणाला, "सासरेबुवा, धूर म्हणून चांगले जमता."

"गप्प बस," आस्लाक म्हणाला. "जन्मभर ज्याच्या नावानं थुंकलो, त्याचं काम केलं आज. तोंडाला चव नाही राहिली."

हाल्दिसला नंतर सगळ्यांनी विचारलं, तुला शंका कशी नाही आली? ती म्हणाली, "कसली शंका? पिवळा होता, सरळ आले. पांढरा झाला, वळले. तुम्हीच तर शिकवलंत."

आस्लाकनं टोपी डोळ्यांवर ओढली. 

भट्टी पुन्हा पेटली, मग तिला धूर गाळायच्या जाळ्या बसवल्या, मग एके वर्षी ती कायमची बंद झाली. गुन्वोरचा खोकला थांबला. चादरी पांढऱ्या राहू लागल्या. आस्लाक लंगडत का होईना, पण पुष्कळ जगला. ती ओळ कोणी म्हणेनासं झालं. पण एक नवी रीत पडली. योहानच्या दिवशी नवा जावई चुना लावण्याआधी मला घटकाभर शिडानं झाकायचा आणि धक्क्यावर लोक पाहत बसायचे की हातातला कप आधी कोण खाली ठेवतं. जावयाची बायकोच शेवटपर्यंत कॉफी ढोसत बसली, तर तिला वर्षभर चिडवायचे.

आता जावईही येत नाहीत. पोरं शहरात लग्नं करतात, आणि गायीच्या पाठीवर लोखंडी खांब उभा आहे, त्याच्या डोक्यात दिवा आहे. हुशार आहे तो, पण त्याला गप्पा येत नाहीत. माझा चुना धुऊन गेला. हवा इतकी स्वच्छ आहे की डोंगरावरच्या मेंढ्या मोजाव्यात.

आणि शेवटचा धक्का आता ऐका. हवा सुधारली तशी माझ्या अंगावर दगडफुलं उगवू लागली. धुरात ती बिचारी जगत नव्हती. आधी एक ठिपका, मग दोन, मग सगळं अंग. रंग विचाराल तर पिवळाधमक! इतकी वर्षं पांढरा असून पिवळा दिसलो. आता मध्ये काहीच उरलं नाही, तर खरोखरचाच पिवळा झालोय. हसा, हसा. मीही हसतोय.

धक्क्यावर हाल्दिस अजून येऊन बसते. केस पांढरे झालेत तिचे, आणि ते पांढरेच दिसतात. हातात कप असतो. श्युर शेजारी डुलक्या घेतो. ती कॉफी पिता पिता दर घोटाला एकदा माझ्याकडे पाहते.

तुम्ही कधी आलात तर तुम्हीही पाहा. मी कुठल्या रंगाचा आहे यावर भांडू नका, मध्ये काय आहे ते आधी पाहा. धुक्यात मी दिसलो नाही तर खुशाल खात बसा, मी आहे तिथेच आहे. पण एखाद्या लख्ख दिवशी मागचा डोंगर दिसला आणि मी दिसलो नाही, तर माझं एवढंच ऐका.

हातातला कप खाली ठेवा.